बुडालेलं जहाज पाहायला समुद्रात उतरताना : विदर्भातल्या नवख्यांसाठी

सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या कोमट समुद्रात पंधरा-वीस मीटर खोल उतरून बुडालेलं जहाज पाहता येतं. त्यासाठी समुद्रकाठी जन्मायची गरज नाही. आर्वी, उमरखेड, सिरोंचाच्या माणसालाही हे जमतं, फक्त तयारीचा क्रम पाळावा लागतो. आधी तब्येत, मग पोहणं, मग प्रशिक्षण, मग साधे डाइव्ह आणि त्यानंतर जहाज. मालवणला सहलीत वीस मिनिटं पाण्याखाली जाऊन आलेल्याला वाटतं की आपल्याला स्कूबा, म्हणजे सिलिंडर लावून पाण्याखाली पोहणं, येतं. त्या वीस मिनिटांत त्याची हवा, खोली आणि तोल तिन्ही प्रशिक्षकाने सांभाळलेलं असतं. जहाजावर हे ज्याचं त्याला सांभाळावं लागतं.

पायरी १ : तब्येत, आणि आपल्या भागाच्या तीन गोष्टी

प्रशिक्षण केंद्र सुरुवातीला आरोग्याची प्रश्नावली भरून घेतं. दमा, फिट येणे, हृदयविकार, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, मधुमेह, रक्तदाब यांपैकी कशालाही ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही लागते. पैसे भरलेत, गाडीचं तिकीट काढलंय म्हणून ‘नाही’ लिहू नका. जमिनीवर गप्प असलेला दमा पाण्याखाली घातक ठरतो. आकसलेल्या श्वासनलिकेमागे हवा अडकते, वर येताना ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. जिनिंगमध्ये किंवा कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांनी छाती तपासूनच घ्यावी.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार बराच आहे आणि अनेकांना आपला पॅटर्न माहीत नसतो. निघण्यापूर्वी रक्त तपासून घ्या. एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असेल तर स्कूबा करू नये. थंडी, थकवा, शरीरातलं पाणी कमी होणं आणि ऑक्सिजन कमी पडणं या सगळ्यांनी त्रास उसळतो, आणि समुद्रात यातलं काहीही एकदम समोर येऊ शकतं. एएस म्हणजे वाहक असाल तर दार बंद होत नाही, पण ही गोष्ट डॉक्टरांना सांगूनच सही घ्या. तीच प्रशिक्षकालाही सांगा.

तिसरी गोष्ट खर्ऱ्याची. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं, गालाच्या आतली कातडी ताठ होते. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं साधन, त्याचं रबरी तोंड पाऊण-एक तास दातांत धरून ठेवायचं असतं. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर आधी दंतवैद्याकडे जा. जबडा दुखून रेग्युलेटर सैल झाला की कडेने खारं पाणी आत येतं आणि घाबरण्याची सुरुवात तिथूनच होते. सुपारी-तंबाखू निदान कोर्सच्या काळात पूर्ण बंद ठेवा.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. जहाज म्हणजे गंजलेलं लोखंड, आणि ते कापतं.

पायरी २ : पोहणं

ओपन वॉटर या पहिल्या कोर्ससाठी न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं आधाराशिवाय तरंगणं एवढंच लागतं. वेळेचं बंधन नाही, पोहण्याची पद्धतही कुठलीही चालते. विहिरीत शिकलेल्याला सूर मारणं आणि बुडी घेणं छान येतं, पण सलग अंतर कापायची सवय नसते. त्यामुळे जिल्ह्याच्या जलतरण तलावात महिनाभर सराव करा. २५ मीटरच्या आठ फेऱ्या दम न लागता, सावकाश झाल्या पाहिजेत.

शेततळ्यात सराव करू नका. प्लास्टिकचा कागद शेवाळून इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. विदर्भात दरवर्षी माणसं यात जातात.

श्वास कोंडून किती वेळ राहता येतं याच्या पैजाही नकोत. एकट्याने तर मुळीच नाही. भराभर श्वास घेऊन बुडी मारली की शुद्ध हरपण्याआधी इशारा मिळत नाही. शिवाय स्कूबात ही सवय उलटी पडते. इथे श्वास कधीच रोखायचा नसतो, तो संथपणे चालू ठेवायचा असतो.

पायरी ३ : प्रशिक्षण

पहिला कोर्स ओपन वॉटरचा. त्यात पुस्तकी भाग, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रातले चार डाइव्ह येतात, आणि तो केल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. दुसरा ॲडव्हान्स्ड, त्यात पाच डाइव्ह असतात आणि मर्यादा ३० मीटरची होते. हौशी डाइव्हरची शेवटची मर्यादा ४० मीटर. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथे मराठीत समजावून घेता येतं. इंग्रजी पुस्तकाची भीती वाटणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. अंदमान, मुरुडेश्वर, पुदुच्चेरी, गोवा इथेही केंद्रं आहेत.

कोर्स ठरवताना चार प्रश्न विचारा : एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ, कोर्स पूर्ण केल्याचं कार्ड कोणत्या संस्थेचं, बोटीवर ऑक्सिजनचं सिलिंडर असतं का, आणि जवळचं रिकंप्रेशन चेंबर (डाइव्हनंतरच्या त्रासावर उपचार करायची दाबाची खोली) कुठे. शेवटच्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरं केंद्र शोधा.

दाबाचं गणित इथेच पक्कं करा. पृष्ठभागावर १ बार, १० मीटरवर २, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४. रेग्युलेटर त्या-त्या दाबाची हवा देतो. म्हणून २० मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात तर छातीतली हवा तिप्पट व्हायला बघते. श्वास रोखू नका या नियमाचं कारण हेच. उथळ पाण्यातही सुटका नाही, कारण शेवटच्या दहा मीटरांत हवा दुप्पट होते.

कार्ड हातात आल्यावर थेट जहाजाकडे जाऊ नका. आधी मोकळ्या तळावर, प्रवाळांवर दहा-पंधरा डाइव्ह करा. हात न हलवता, तळाला न टेकता, एकाच खोलीवर मिनिटभर स्थिर राहता आलं की जहाजासाठी तुम्ही तयार झालात. हे जमेपर्यंत तुम्ही सांगाड्यावर आपटाल, गाळ उडवाल आणि हवा भसाभस संपवाल. आमच्या मते नवख्याने सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा घालावा असं कौशल्य कुठलं असेल, तर हे तोल साधण्याचं.

तोलाची सुरुवात कमरेला बांधायच्या शिशाच्या वजनापासून होते. तलावात शिकताना लागणाऱ्या वजनापेक्षा समुद्रात साधारण दोन किलो जास्त लागतं, कारण खारं पाणी जड असतं. तपासायची रीत अशी : पृष्ठभागावर जॅकेट (तरंगण्यासाठी हवा भरता-सोडता येणारं) पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा अर्धा श्वास धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत राहिलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू खाली गेलं पाहिजे. ही चाचणी डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार उरले असताना करणं उत्तम. ॲल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं होत जाईल तसं हलकं होतं आणि वर ओढायला लागतं. सुरुवातीला बरोबर वाटलेलं वजन शेवटी कमी पडतं ते यामुळेच. उलट, बहुतेक नवखे भीतीपोटी जास्त शिसं बांधतात, मग ते उचलायला जॅकेटमध्ये जास्त हवा भरतात. ती हवा प्रत्येक मीटरला फुगते-आकसते आणि माणूस खाली-वर होत राहतो.

पायरी ४ : कुठलं जहाज, आणि कधी

पहिल्या जहाजाला तीन कसोट्या लावा : वरचा भाग उथळ हवा, प्रवाह कमी हवा, पाणी स्वच्छ हवं.

या तिन्हींत बसणारं जगातलं नावाजलेलं ठिकाण म्हणजे बालीच्या तुलांबेनचं लिबर्टी. हे अमेरिकन मालवाहू जहाज, लांबी सुमारे १२० मीटर. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीने लोंबोकच्या सामुद्रधुनीत त्याला टॉर्पेडो मारला. ओढत नेताना ते टिकेना, म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. तिथे ते वीस वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेलं. आज ते काळ्या वाळूच्या उतारावर कुशीवर पडलेलं आहे. वरचा भाग पाच मीटरवर, खालचा तीसच्या आसपास, आणि किनाऱ्यापासून तीसेक मीटर पोहलं की आलंच. बोट लागत नाही. ओपन वॉटरवाल्याला अठरा मीटरच्या वर राहून अर्ध्याहून जास्त जहाज पाहता येतं. अडचण एकच : किनारा गोट्यांचा आहे आणि लाटेत पाय मुरगळतात. जाड तळव्याचे बूट आणि मागून पट्टा असलेले फिन्स (पायांत घालायची वल्ही) घ्या, आणि लाटांच्या दोन झुंडींमधल्या शांततेत आत शिरा.

देशात राहायचं असेल तर अंदमानात स्वराज द्वीपाजवळचं इंचकेट. उथळ भाग पाचेक मीटरवर आहे, तळ अठराच्या आसपास. गोव्यात ग्रँड आयलंडजवळही सांगाडे आहेत, पण तिथे पाणी अनेकदा गढूळ असतं. आपल्या सिंधुदुर्गात, निवती रॉकजवळ, आयएनएस गुलदार ही नौदलातून १२ जानेवारी २०२४ ला निवृत्त झालेली नौका तळाशी ठेवण्याचा प्रकल्प पर्यटन महामंडळाने हाती घेतला आहे. बेत आखण्यापूर्वी तारकर्लीला विचारून घ्या.

काही नावं ऐकून भुलू नका. श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ ९ एप्रिल १९४२ ला बुडालेली एचएमएस हर्मिस ही विमानवाहू नौका पन्नास मीटरहून खोल आहे. ते वेगळ्या वायुमिश्रणांचं आणि वेगळ्या प्रशिक्षणाचं काम आहे. मालदीवचं व्हिक्टरी त्यापेक्षा वर आहे, पण तिथला प्रवाह नवख्याला सोसत नाही.

वेळेचं गणित शेतकऱ्याच्या बाजूने आहे. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, हरभरा-गहू घरात येणं हे सगळं मार्चपर्यंत आटोपतं, आणि मृग लागेपर्यंत वावर मोकळं असतं. मालवणला ऑक्टोबर ते मे चालतं, पावसाळ्यात समुद्र बंद. अंदमानला फेब्रुवारी ते एप्रिल चांगला. बालीत एप्रिलपासून कोरडा हंगाम लागतो. म्हणजे मार्च-एप्रिल सगळीकडे जुळतो. मे महिन्यात ४५ अंशांतून प्रवास करून जाणार असाल तर पोहोचल्यावर एक दिवस नुसतं पाणी पीत आराम करा. शरीरात पाणी कमी असलं की, खोल पाण्यात शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे वर आल्यावर बुडबुडे होऊन त्रास व्हायची शक्यता वाढते.

पायरी ५ : सामान

बहुतेक सगळं भाड्याने मिळतं. स्वतःचा घ्यावा तो मास्क, कारण चेहरा प्रत्येकाचा वेगळा. पट्टा न लावता मास्क तोंडावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर बरोबर. मिशी असेल तर नाकाखालची बारीक पट्टी तासून घ्या, नाहीतर पाणी झिरपत राहतं. नव्या मास्कची काच आतून टूथपेस्टने दोन-तीनदा घासा, कारखान्यातला तेलकट थर गेल्याशिवाय धुकं थांबत नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मागा.

जहाजासाठी जास्तीच्या तीन वस्तू : टॉर्च, छोटं कटर आणि अंगभर सूट. पाणी कोमट असलं तरी तीन मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा सूट घाला. गंजलेले पत्रे, झोंबणारे प्रवाळ आणि तासाभरात लागणारी थंडी, तिन्हींपासून तो वाचवतो. कटर लागतं ते मासेमारीच्या दोऱ्यांसाठी, कारण जहाजावर मासे जमतात आणि माशांमागे जाळी येते. नायलॉनचा गळाचा दोरा पाण्यात दिसतही नाही. सैल लोंबणारं काही ठेवू नका. दुसरा (अडचणीत सोबत्याला द्यायचा) रेग्युलेटर, सिलिंडरमधला दाब दाखवणारं गेज, टॉर्चची दोरी अंगालगत अडकवा. लांब मंगळसूत्र, साखळी, कडं किनाऱ्यावर विश्वासाच्या माणसाकडे द्या.

पायरी ६ : हवेचा हिशेब कागदावर

हे बसून, पेन घेऊन करा. नेहमीचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर ११ लिटरचं असतं आणि २०० बारला त्यात २,२०० लिटर हवा मावते. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २२ लिटर वापरतो असं धरा. २० मीटरवर तीनपट, म्हणजे ६६ लिटर. ५० बार म्हणजे ५५० लिटर बाजूला राखले की उरले १,६५० लिटर. भागाकार केला की २५ मिनिटं. वर येण्याची हवाही यातूनच जाणार, म्हणजे तळाशी त्याहून कमी वेळ मिळतो. ‘पाऊण तासाचा डाइव्ह’ हे जाहिरातीतलं वाक्य उथळ पाण्याचं असतं.

आता वर कधी निघायचं? समजा २० मीटरवर सोबत्याची हवा अचानक बंद पडली. दोघंही घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, म्हणजे दोघांचे ६०. गोंधळ निस्तरायला एक मिनिट : तिप्पट दाबाने १८० लिटर. पाच मीटरपर्यंत वर यायला पावणेदोन मिनिटं : साधारण २३०. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा : २७०. उरलेलं अंतर : ४५. बेरीज सव्वासातशे लिटर, म्हणजे ६६ बार, आणि हे सगळं तुमच्या एकट्याच्या सिलिंडरमधून. म्हणून २० मीटरवर गेज ८० दाखवायच्या आत वर निघा. पन्नासवर निघायचं असं कुणी सांगितलं तर त्याने हा हिशेब केलेला नाही. ५० हा बोटीवर पोहोचल्यावरचा आकडा आहे.

हवेइतकीच मर्यादा वेळेचीही असते. पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं, २० मीटरवर ४५, ३० मीटरवर फक्त २० मिनिटं, असं ‘पाडी’ (PADI) या डाइव्हिंग प्रशिक्षण संस्थेचं तक्तं सांगतं. त्यानंतर शरीरात मुरलेला नायट्रोजन थेट वर येऊ देत नाही. डाइव्ह कॉम्प्युटर हे क्षणाक्षणाला मोजतो. तो प्रत्येकाच्या मनगटावर स्वतःचा हवा, दोघांत एक चालत नाही.

पायरी ७ : उतरण्याचा दिवस

सर्दी असेल तर उतरू नका. नाक मोकळं करायच्या गोळीवर भरवसा ठेवू नका. तिचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना हवा कानात अडकते.

बोटीवर सोबत्याची तपासणी करा : जॅकेटमध्ये हवा भरते-सुटते का, वजनाचा पट्टा एका झटक्यात सुटतो का, सगळ्या बकला लागल्या का, सिलिंडर पूर्ण उघडलंय का. शेवटच्यासाठी रेग्युलेटरमधून चार श्वास घेताना गेजकडे बघा. काटा श्वासागणिक थरथरत असेल तर झडप अर्धवटच उघडी आहे. वर ठीक वाटेल, पण खोलवर हवा कमी पडेल.

खुणा पुन्हा एकदा उजळा. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. आपल्या सवयीने अंगठा दाखवणारे नवखे सोबत्याला अर्ध्यातून वर घेऊन जातात. नकारासाठी मान हलवू नका, हात आडवा हलवा.

दोरीला धरून, पाय खाली ठेवून उतरा. कान पृष्ठभागावरच एकदा मोकळे करा आणि मग दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायच्या आधी. नाक चिमटून हळूच फुंकायचं. कान उघडला नाही तर जोर लावू नका, मीटरभर वर येऊन पुन्हा करा. जोराने फुंकून पडदा फाटतो, आतला कानही बिघडतो.

खाली पोहोचल्यावर आधी थांबा. जहाज एकदम समोर उभं राहतं आणि ते असतं त्यापेक्षा मोठं, जवळ दिसतं. पाण्यातून वस्तू एक तृतीयांश मोठ्या भासतात, म्हणून टेकायला हात पुढे केला की तो आधी रिकामाच जातो. गेज बघा, खोली बघा, सोबती बघा, प्रवाह कुठून येतोय ते माशांच्या तोंडांवरून ओळखा. मासे प्रवाहाकडे तोंड करून थांबतात. सुरुवात प्रवाहाविरुद्ध करा, म्हणजे दमल्यावर परत येणं सोपं जातं. आधी खोल बाजू, मग हळूहळू उथळ.

जहाज वाचायला शिका. नाळ, म्हणजे पुढचं टोक, निमुळती असते आणि तिथे नांगराची साखळी, साखळी ओढायचं यंत्र सापडतं. मागच्या टोकाला सुकाणू आणि पंखा. मधे मालाचे कोठे, म्हणजे चौकोनी मोठी तोंडं. डोलकाठी आडवी पडलेली असेल तर जहाज कुठल्या कुशीवर आहे ते कळतं. कुशीवर पडलेल्या जहाजात जमीन भिंत झालेली असते आणि दार छतात किंवा पायाखाली. हे चित्र डोक्यात बसलं की गोंधळ बराच कमी होतो. तांबडा रंग पाचेक मीटरनंतर जातो, सगळं निळं-करडं दिसतं. टॉर्च मारला की त्याच पत्र्यावर लाल, केशरी, जांभळे स्पंज उजळून निघतात. टॉर्च दिवसाही घ्यायला सांगतात ते यासाठी.

हात कुठेही ठेवू नका. गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा विंचूमासा आणि दगडमासा बिळांत नाही, उघड्यावर बसलेला असतो आणि दिसत नाही. त्यांचा किंवा सिंहमाशाचा काटा लागला तर बाहेर येऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४०-४५ अंश, अर्धा ते दीड तास तो भाग बुडवून ठेवा. वेदना कमी होते. मग डॉक्टर. पाण्याचा चटका आधी न डसलेल्या हाताने बघा, डसलेल्या भागाला अंदाज येत नाही.

आत शिरायचं की नाही

नवख्यासाठी उत्तर एकच आहे : नाही. आरपार उजेड दिसणाऱ्या मोठ्या भोकातून प्रशिक्षकामागे जाणं हीसुद्धा रेक डाइव्हिंगचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांवर उतरण्याचा, वेगळा कोर्स केल्यानंतरची गोष्ट. त्या कोर्सच्या मर्यादेतही खोली आणि आतलं अंतर मिळून पृष्ठभागापासून ४० मीटरच्या आत राहायचं असतं, बाहेरचा उजेड सतत दिसला पाहिजे आणि हवा तिसऱ्या हिश्शाने वापरायची असते : एक भाग आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव.

कारणं नीट समजून घ्या, म्हणजे मोह होणार नाही. बाहेर काही बिघडलं तर सरळ वर जाता येतं, आत डोक्यावर लोखंड असतं. वर्षानुवर्षं साचलेला गाळ पिठासारखा बारीक असतो. फिनचा एक फटका बसला की टॉर्चसुद्धा हातभरापलीकडे दिसत नाही, आणि तो गाळ बसायला तास लागू शकतात. फटका न मारताही गाळ पडतो, कारण तुम्ही सोडलेले बुडबुडे छतावर आदळून गंजाचे पापुद्रे खाली आणतात. तारा लोंबत असतात आणि त्या सिलिंडरच्या झडपेत मागून अडकतात. तिथे स्वतःचा हात पोहोचत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे छताखाली अडकलेली हवा. आत कधी-कधी चांदीसारखा चकाकणारा हवेचा कप्पा दिसतो. तिथे डोकं काढून रेग्युलेटर तोंडातून काढू नका. गंजणारं लोखंड त्या हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत उतरण्यापूर्वी आपल्याकडे जुनी माणसं कंदील सोडून बघतात, तो विझला तर कुणी उतरत नाही. जहाजातली हवा तशीच समजा, आणि इथे कंदीलही नसतो.

बाहेरून पाहण्यासारखं भरपूर असतं. कोठ्याच्या तोंडाशी स्थिर राहून आत टॉर्च मारला की दहा मिनिटांत जितकं दिसतं, तितकं घाईने आत गेलेल्याला दिसत नाही. फिन्स बेडकासारखे बाजूला मारा, वर-खाली नको. गुडघे वाकलेले, पावलं जरा वर. जहाजावरून काहीही उचलू नका. बाटली, बशी, शंख, गंजलेला खिळा, काहीच नाही. युद्धात बुडालेल्या अनेक जहाजांवर माणसं गेलेली आहेत, आणि त्यांच्या वस्तू जिथे आहेत तिथेच राहायला हव्यात.

पायरी ८ : वर येणं

मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने नाही. म्हणजे स्वतःच्या सगळ्यात बारीक बुडबुड्यांच्या मागे राहून. जॅकेटमधली हवा येता-येता सोडत राहा, नाहीतर ती फुगून तुम्हाला उचलेल. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. शक्यतो दोरीला किंवा जहाजाच्या उथळ भागाजवळ थांबा, नुसत्या निळ्या पाण्यात नवख्याला खोली कळत नाही. सोबती दिसेनासा झाला तर एक मिनिट आजूबाजूला शोधा, मग वर या. तोही तेच करील, असं आधी ठरलेलं असतं. तो आत गेला असेल म्हणून एकटं आत जाऊ नका. एकाच्या शोधात दुसरा अडकतो.

हवा एकदम संपली तर सोबत्याकडे जा, हात गळ्यावरून आडवा फिरवून खूण करा, त्याचा दुसरा रेग्युलेटर घ्या, एकमेकांचा हात धरा आणि दोघं सावकाश वर या. म्हणूनच सोबती दोन-तीन मीटरच्या आत हवा. दहा मीटरवर फोटो काढत असलेला सोबती उपयोगाचा नाही.

पायरी ९ : घरी परतणं

एकच डाइव्ह केला असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केले असतील तर किमान १८ तास. पूर्ण दिवस मोकळा ठेवणं जास्त चांगलं.

विमानाचं सगळ्यांना माहीत असतं, घाटाचं कुणी सांगत नाही. हवेचा दाब डोंगर चढतानाही कमी होतो, आणि ६०० मीटरच्या वर जायचं असेल तर हाच नियम पाळावा. मालवणहून आंबोलीमार्गे कोल्हापूर धरलं तर तुम्ही सुमारे ७०० मीटर चढता. रेल्वेने कल्याणमार्गे आलात तरी इगतपुरी ६०० मीटरच्या जवळपास आहे. सकाळी डाइव्ह आणि दुपारी घाट, असं करू नका. बालीत तुलांबेनहून दक्षिणेला जाताना ड्रायव्हर किंतामणीचा रस्ता सुचवतात, तो हजार मीटरच्या बराच वर जातो. किनाऱ्याचा रस्ता घ्या.

घरी पोहोचल्यावर दोन दिवस अंगाकडे लक्ष ठेवा. खांदा, कोपर, गुडघा आतून दुखणं, हातापायाला मुंग्या, कातडीवर जाळीदार डाग, न जाणारा थकवा, चक्कर, लघवी अडकणं, पाय जड पडणं ही नायट्रोजनच्या बुडबुड्यांची लक्षणं असू शकतात. बहुतेकदा ती २४ तासांच्या आत दिसतात. प्रवासाने अंग धरलं असेल म्हणून चोळत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या रुग्णालयात जा आणि पहिलं वाक्य हे सांगा : ‘मी सिलिंडर लावून समुद्रात वीस मीटर खोल उतरलो होतो, अमुक दिवशी, अमुक वाजता.’ समुद्रापासून इतक्या दूर डॉक्टरांच्या मनात हे निदान आपोआप येणार नाही. मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन लगेच लावायला सांगा, आडवं झोपा, पाणी पीत राहा. वेदना थांबली तरी ऑक्सिजन काढून घरी येऊ नका, पुढे रिकंप्रेशन चेंबर लागू शकतं. डाइव्ह केंद्राचा आणि डाइव्हर विम्याच्या मदत-कक्षाचा नंबर, शेवटच्या डाइव्हची खोली आणि वेळ एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. तसाच एक कागद घरच्यांजवळ द्या आणि तो कशासाठी आहे ते त्यांना निघण्यापूर्वीच समजावून सांगा.